पणजीच्या फोटोतलं काळं कुंकू



आज आपण फोटोबद्दल बोलणार आहोत. फोटो कसा काढावा याबद्दल नाही, तर तो काढून झाल्यावर त्याचं जे काही केलं जातं त्याबद्दल. स्टुडिओत फोटो काढला की स्टुडिओवाले दादा संगणकासमोर बसतात आणि आपल्याला फारसं न विचारता दोनचार बटणं दाबतात. गालावरचा डाग जातो, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, रंग जरा उजळतो. स्थळासाठी पाठवायचा फोटो असेल तर मग विचारायलाच नको. आणि आता तर ही सोय मोबाइलमुळे आपल्या हातातच आली आहे.

यावर दोन तऱ्हेची मतं ऐकू येतात. काही जणी म्हणतात, फोटो म्हणजे फोटो, त्याला नंतर हात लावणं म्हणजे खोटेपणा. दुसऱ्या म्हणतात, आपण ठेवणीतली साडी नेसून, पावडर लावूनच फोटोला बसतो ना, मग फोटोलाही थोडी पावडर लागली तर बिघडलं कुठं? हा वाद मोबाइलने आणला असं वाटतं, पण तसं नाही. फोटोची कला जितकी जुनी, जवळपास तितकाच हा वाद जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला तर माझ्या मते एक गोष्ट कळते. फोटोला हात किती लावला, एवढंच विचारून भागत नाही. तो फोटो कशासाठी काढला होता, आणि हात कुणाच्या सांगण्यावरून लावला, हेही विचारावं लागतं.

सुरुवात कुंकवापासून करू या. तुमच्या घरात पणजीचा किंवा खापरपणजीचा शंभरएक वर्षांपूर्वीचा फोटो असेल, तर तो भिंतीवरून उतरवून नीट बघा. रंग भरलेला नसेल, तर त्यात कपाळावरचं कुंकू बहुधा काळं दिसेल, काजळाची तीट लावावी तसं. आपण म्हणतो, तेव्हा रंगीत फोटो नव्हते, म्हणून. पण मग लाल रंग काळाच का दिसावा, करडा का नाही? याचं कारण प्लेटमध्ये आहे. त्या काळी स्टुडिओतले फोटो बहुतेक काचेच्या प्लेटवर घेत. त्या काचेवर चांदीच्या क्षारांचा लेप असे. हा लेप निळ्या उजेडाला फार हळवा आणि लाल उजेडाला जवळजवळ आंधळा. त्यामुळे निळी वस्तू पांढरट येई आणि लाल वस्तू काळी. पिवळा रंगही गडदच होई. हळद, कुंकू, सोन्याचा पिवळेपणा सगळं झाकोळून जाई, आणि निळं लुगडं मात्र धुवून धुवून विटल्यासारखं फिकं दिसे. १८७३ साली हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने लेपात रंगद्रव्य मिसळून प्लेटची नजर थोडी सुधारली. तरीही लालसुद्धा टिपू शकणाऱ्या प्लेटा बाजारात यायला १९०६ साल उजाडलं, आणि त्या सगळीकडे रुळायला पुढे बरीच वर्षं गेली.

आता कुंकवाचं जे झालं, तेच चेहऱ्याचं झालं. आपल्या त्वचेत तांबूस आणि पिवळसर छटा असतात. त्यामुळे गव्हाळ किंवा सावळा चेहरा प्लेटवर होता त्याहून काळा उमटे. वांग, मुरुमांचे लाल डाग, जे बोलताना समोरच्या माणसाच्या लक्षातही येत नाहीत, ते फोटोत उठून दिसत. युरोपातल्या गोऱ्या बायकांच्या नाकागालांवरचे बारीक तांबूस ठिपके तर शाईचे शिंतोडे उडावेत तसे दिसत. म्हणजे बघा, आधी खोटं बोलली ती प्लेट. फोटोवाल्याने हातात पेन्सिल घेतली ती प्लेटचं खोटं दुरुस्त करायला.

आभाळाचंही तसंच होतं. निळं आभाळ प्लेटवर इतकं जोरात उमटे की त्यातले ढग पुसलेच जात आणि छापलेल्या फोटोत कोरा पांढरा पट्टा राही. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले, तेव्हा काही फोटोंसाठी त्यांनी दोन प्लेटा वापरल्या. एक पाण्यासाठी, दुसरी ढगांसाठी. दोन्ही एकाच कागदावर छापल्या. लोकांनी ते फोटो डोक्यावर घेतले. खरं तर समुद्रावर उभं राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांना ढगही दिसतात आणि लाटाही दिसतात. मग दोन प्लेटांचा हा जोड खोटा म्हणायचा, की आभाळ कोरं दाखवणारी एक प्लेट खोटी म्हणायची?

चेहऱ्याच्या दुरुस्तीची मोठी जाहीर हवा झाली ती १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी तिथे एकाच माणसाचे दोन फोटो मांडले, एक जसा आला तसा आणि दुसरा निगेटिव्हवर हात फिरवल्यानंतरचा. बघायला झुंबड उडाली. त्यानंतर निगेटिव्हवरची ही कारागिरी, म्हणजे रिटचिंग, हा स्टुडिओचा नेहमीचा भाग होऊन बसला.

हे काम फार नाजूक असे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. फोटोत सुरकुती काळी दिसते, तर निगेटिव्हवर तीच रेघ पारदर्शक असते. रिटचिंग करणारा कारागीर उतरत्या मेजावर ती काच ठेवी, खालून आरशाने उजेड घेई, काचेवर पेन्सिल धरावी म्हणून आधी एक चिकटसर द्रव चोळी, आणि सुईसारखं टोक केलेल्या कडक पेन्सिलीने त्या पारदर्शक रेघेत बारीक बारीक ठिपके भरत बसे. रेघ भरली की छापताना तिथून उजेड कमी जाई आणि कागदावरची सुरकुती नाहीशी होई. काही गडद करायचं असेल तर धारदार पात्याने लेप हलकेच खरवडायचा. हात जरा घसरला की निगेटिव्ह कायमची गेली. युरोप-अमेरिकेत या कामावर पुष्कळ बायका असत. नाव मात्र स्टुडिओच्या मालकाचं.

इथे एक गोष्ट हळूच बदलली. पेन्सिल हातात आली होती प्लेटचा दोष काढायला. पण गिऱ्हाइकाला गुळगुळीत चेहरा बघायची सवय लागली. प्लेटा सुधारल्या तरी पेन्सिल थांबली नाही. आधी प्लेटने वाढवलेले डाग काढत होते, मग खरोखरचे डाग काढू लागले, मग सुरकुत्या, मग दुहेरी हनुवटी, मग कमरेचा घेर. दोष होता प्लेटचा, खापर फुटलं चेहऱ्यावर. आणि त्यातही बाईच्या चेहऱ्यावर जास्त. म्हाताऱ्या पुरुषाच्या कपाळावरच्या आठ्या म्हणजे अनुभव. बाईच्या कपाळावरच्या त्याच आठ्या म्हणजे पुसायची गोष्ट.

हा पुसापुशीचा सोस न मानणारी एक बाई त्याच काळात होऊन गेली. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म १८१५चा, आपल्या कोलकात्यातला. पुढे त्या इंग्लंडला गेल्या. १८६३च्या अखेरीला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेकीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. बाईंनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला, कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कामाला लागल्या. मोठमोठे कवी आणि शास्त्रज्ञ त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले, तशी त्यांच्या घरात कामाला असलेली मेरी हिलियरही अनेकदा बसली. कॅमेरॉनबाईंच्या फोटोत कडा धूसर असत, प्लेटवर बोटांचे ठसे असत, लेपाचे ओघळ असत. फोटोग्राफीच्या जाणकार मंडळींनी गबाळेपणा म्हणून नावं ठेवली. पण बाईंना हवा होता तो माणसाचा चेहरा, गुळगुळीतपणा नव्हे. त्यांचे फोटो आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. मात्र धूसरपणा हीसुद्धा त्यांनी केलेली निवडच होती. फोटोला हात लावायचा नाही असं ठरवलं तरी, कुठून बघायचं, किती उजेडात बघायचं आणि काय चौकटीबाहेर ठेवायचं हे फोटो काढणारी व्यक्ती ठरवतेच.

मग खोटेपणा सुरू होतो कुठे? १८५८ साली इंग्लंडमध्ये यावर मोठं वादळ उठलं. हेन्री पीच रॉबिन्सन यांनी एक फोटो प्रदर्शनात ठेवला. क्षयाने शेवटच्या घटका मोजणारी तरुण मुलगी, उशापायथ्याशी घरातल्या बायका, आणि खिडकीकडे तोंड करून उभा असलेला पुरुष. बघणाऱ्यांचा जीव कासावीस झाला. नंतर कळलं की मुलगी ठणठणीत होती आणि हा फोटो पाच वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून तयार केलेला आहे. लोक संतापले. चित्रकाराने असंच दृश्य रंगवलं असतं तर कुणी ब्र काढला नसता. पण फोटो म्हटला की आपण गृहीत धरतो, हे कुणाच्या तरी डोळ्यांसमोर घडलं. रॉबिन्सन यांच्या दृष्टीने ते चित्र होतं, बघणाऱ्यांच्या दृष्टीने ती साक्ष होती. भांडण कात्री आणि डिंकाचं नव्हतं. भांडण शब्द मोडल्याचं होतं.

असंच जोडकाम आपल्या मुंबईतही झालं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नावाजलेले फोटोग्राफर. याच सोसायटीच्या वर्तुळातल्या विल्यम जॉन्सन या इंग्रज फोटोग्राफरने मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो असलेलं पुस्तक दोन खंडांत काढलं, १८६३ आणि १८६६ साली. त्यातली माणसं बघितली तर कुणी देवळापुढे, कुणी समुद्राकाठी, कुणी इमारतीसमोर उभी दिसतात. प्रत्यक्षात ती तिथे उभी नव्हतीच. त्यांचे फोटो आधीच वेगळे काढलेले होते. त्यातल्या आकृती कापून घेऊन मुंबईच्या दृश्यांच्या फोटोंवर बसवल्या होत्या. तेव्हा प्लेटवर प्रतिमा उमटायला वेळ लागे, उघड्यावर घोळका स्थिर उभा करणं कठीण, ही अडचण खरीच. पण परिणाम काय झाला? दूर इंग्लंडमध्ये बसून ते पुस्तक चाळणाऱ्याला वाटलं, हे लोक असे दिसतात, असे उभे राहतात, इथे वावरतात. ज्यांचे फोटो होते त्यांना कुठे उभं राहायचंय हे कुणी विचारल्याचं त्या पानांवर दिसत नाही.

आपल्या देशात फोटोवर ब्रशने रंग भरण्याचीही मोठी परंपरा झाली. आपल्याकडचे मूळचे चित्रकार या नव्या धंद्यात आले आणि त्यांनी काळ्या-पांढऱ्या फोटोवर जलरंग, तैलरंग चढवले. कधी पातळ, कधी इतके जाड की खालचा फोटो फक्त चेहऱ्यापुरता उरे. शालूला जर, नथीला मोती, पाटल्यांना सोनेरी रंग, आणि प्लेटने काळं करून टाकलेलं कुंकू पुन्हा लाल! आपल्या मनातला फोटो म्हणजे पुरावा नव्हे, तर मान होता. माणसाला बघायचं ते त्याच्या चांगल्या रूपात, ही समजूत काढणाऱ्याची आणि काढून घेणाऱ्याची, दोघांचीही होती. म्हणून त्याला कुणी फसवणूक म्हटलं नाही.

बाईच्या फोटोला हात कोण लावणार, हा प्रश्नही तेव्हा होताच. राजा दीनदयाळ या प्रसिद्ध फोटोग्राफरांनी १८९२ साली हैदराबादेत खास पडद्यातल्या बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, फोटो काढणाऱ्या केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई, आणि मदतीला इथल्याच बायका. आज आपल्याला पडदा मान्य नाही, तो नसावाच. पण त्या व्यवस्थेतला एक विचार ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आपला चेहरा कुणाच्या हाती जातो, याचा विचार त्या बाईच्या बाजूने केला होता.

पुढे छोट्या गावांतल्या स्टुडिओंनी आणखी एक काम वर्षानुवर्षं केलं. घरातलं माणूस गेलं, आणि त्याचा एकट्याचा फोटो नाही. मग लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून, नाहीतर ओळखपत्रावरून चेहरा घ्यायचा, मोठा करायचा, अंगावर कोट किंवा काठाची साडी रंगवायची, मागे स्वच्छ पार्श्वभूमी द्यायची. ज्या आजीने आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर बसून फोटो काढला नाही, तिचा असा फोटो घराच्या भिंतीवर लागतो आणि नातवंडं तिला नमस्कार करतात. याला खोटं म्हणण्याची माझी तरी हिंमत होणार नाही. ती आठवण आहे, आणि घरातल्या सगळ्यांना ती कशी तयार झाली ते माहीत आहे.

पण याच कात्रीने माणसं पुसताही येतात. रशियात स्टालिनच्या राजवटीत हे सरकारी कामकाजच होऊन बसलं. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनच्या शेजारी त्याच्या पोलीस खात्याचा प्रमुख येझोव उभा आहे, असा एक फोटो आहे. १९४०मध्ये येझोवला गोळी घालण्यात आली आणि मग त्या फोटोत त्याच्या जागी नुसतं कालव्याचं पाणी उरलं. माणूस गेला, तो कधी होता याची खूणही गेली. आपल्या घरांत असं काही होत नाही असं म्हणू नका. भांडण झालं म्हणून फोटोतून कापलेली जाऊ, नांदली नाही म्हणून अल्बममधून काढलेली सून, आपल्यातल्या बहुतेकींच्या कानांवर अशी एखादी गोष्ट आलेली असेल. आजीचा फोटो जोडणारी कात्री आणि सुनेचा फोटो कापणारी कात्री एकच. हेतू मात्र एक नाही.

आता अमेरिकेतल्या एका आईची गोष्ट सांगते. साल १९३६. मंदीचा काळ. डोरोथिया लँग या सरकारी खात्यासाठी फोटो काढणाऱ्या बाई कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर गेल्या. फाटक्या तंबूत बत्तीस वर्षांची एक आई, दोन्ही खांद्यांना बिलगून तोंड फिरवलेली दोन मुलं, मांडीवर तान्हं. तो फोटो जगभर गेला. त्यात खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूची काठी धरलेल्या हाताचा अंगठा आला होता. लँगबाईंना तो खुपायचा. १९३९च्या सुमारास त्यांनी निगेटिव्हवरून तो पुसून घेतला. त्यांचे वरिष्ठ रॉय स्ट्रायकर यांना हे मुळीच पटलं नाही. सरकारी दप्तरातला फोटो म्हणजे साक्ष, तिला हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या अंगठ्यावर आजही तज्ज्ञ वाद घालतात.

पण मैत्रिणींनो, मला त्या अंगठ्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. त्या आईचं नाव लँगबाईंनी विचारलंच नव्हतं. चाळीसएक वर्षांनी, १९७८मध्ये, ती स्वतःच वर्तमानपत्रातून पुढे आली. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, मूळची चेरोकी आदिवासी समाजातली. तिचं म्हणणं होतं की या फोटोतून तिला एक पैसा मिळाला नाही, आणि तो काढलाच नसता तर बरं झालं असतं. अंगठा ठेवावा की पुसावा यावर एवढा खल झाला, पण जिचा चेहरा होता तिला कुणी काही विचारलं नाही. फोटो खरा होता. तरी त्यात तिच्यावर अन्याय झालाच.

बातमीच्या फोटोंचे नियम मात्र काळाबरोबर कडक होत गेले, आणि ते तसेच असायला हवेत. १९८२च्या फेब्रुवारीत 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने इजिप्तचे पिरॅमिड मुखपृष्ठाच्या उभ्या आकारात बसावेत म्हणून संगणकावर एकमेकांजवळ सरकवले आणि जगभर टीका झाली. २००३ साली इराकच्या युद्धात 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या फोटोग्राफरने दोन फोटो जोडून एक जास्त परिणामकारक फोटो केला. मागच्या गर्दीतली काही माणसं त्यात दोनदा दिसत होती. ते उघडकीला आलं आणि त्याची नोकरी गेली. आज मोठ्या वृत्तसंस्थांचा साधारण नियम असा असतो की डार्करूममध्ये चालत असे तितका उजेड-अंधार कमीजास्त करा, कडा कापा, पण चौकटीत नसलेलं आणू नका आणि असलेलं काढू नका.

उजेड-अंधार म्हणजे काय, तर जुन्या डार्करूममध्ये छापताना हाताची सावली धरून एखादा भाग उजळ ठेवायचा, किंवा जास्त उजेड देऊन गडद करायचा. १९९०मध्ये फोटोशॉप बाजारात आलं. त्यातल्या या कामाच्या बटणांवरची चित्रंसुद्धा डार्करूममधल्या हातावरून आणि सावली धरायच्या काडीवरून घेतली होती. पण नुसत्या उजेड-अंधारानेही घात होतो बरं का. १९९४च्या जूनमध्ये ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला खुनाच्या आरोपावरून अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर छापला. 'टाइम'ने त्याचा चेहरा होता त्याहून काळा केला होता. दोन्ही अंक दुकानात शेजारी शेजारी आले आणि सगळ्यांना फरक दिसला. काहीच जोडलं नव्हतं, काहीच पुसलं नव्हतं. फक्त रंग गडद केला होता, आणि त्यातून तो माणूस गुन्हेगार दिसेल अशी सोय केली होती. काळा म्हणजे वाईट, ही समजूत त्या बटणामागे होती.

आणि आपल्याकडे नेमकं उलटं बटण दाबलं जातं. समजूत तीच, काळं म्हणजे वाईट, म्हणून उजळ करा. याची मुळंही पुन्हा यंत्रातच सापडतात. रंगीत फोटो आले, तेव्हा छपाईतले रंग बरोबर आहेत का हे तपासायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचा फोटो देत असे. १९५०च्या दशकापासून कित्येक वर्षं त्यावर गोरी बाईच असे. तिचा रंग नीट आला की यंत्र बरोबर. मग सावळ्या माणसाचा चेहरा चिखलासारखा आला तरी चालत होतं. कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या इतिहासाचा शोध घेतला, तेव्हा कळलं की फिल्ममध्ये तपकिरी छटा नीट याव्यात म्हणून जोर धरला तो लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांनी. त्यांच्या मालाच्या छटा जाहिरातीत दिसत नव्हत्या! सावळ्या माणसांची तक्रार त्याआधी पुरेशी मोठी वाटली नव्हती.

म्हणजे आपल्या आईची, आत्याची तक्रार की माझा फोटो चांगला येत नाही, ही नुसती समजूत नव्हती. आधी काचेची प्लेट, मग रंगीत फिल्म, दोन्ही तिच्या वर्णासाठी बनलेल्याच नव्हत्या. आणि त्यावर आपण उपाय काय शोधला, तर फोटो सुधारण्याऐवजी तिलाच गोरी करून टाकलं. आज मोबाइलचं ब्युटी बटण चालू केलं की अनेकदा न विचारता तेच होतं.

यावर जगात थोडं काही सुरू झालं आहे. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७पासून जाहिरातीत मॉडेलची अंगकाठी संगणकावर बदलली असेल तर तसं फोटोवर लिहावं लागतं. नॉर्वेत जुलै २०२२पासून जाहिरातीत शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली असेल तर तसा शिक्का द्यावा लागतो. आपल्याकडे २०१४ साली जाहिरात मानक परिषदेने सांगितलं की सावळ्या रंगाच्या माणसाला दुःखी, अनाकर्षक असं दाखवू नये. २०२०मध्ये शादी डॉट कॉम या विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळाने लोकांच्या मागणीनंतर वर्णावरून स्थळ शोधायची सोय काढून टाकली. पण संकेतस्थळावरून वर्ण गेला तरी स्टुडिओतल्या बटणावरून तो गेलेला नाही. मुलगी बघायला आलेली मंडळी फोटो आणि मुलगी यांच्यात नजर फिरवतात, तेव्हा खोटी कोण ठरते? फोटोवाला नाही, बटण नाही. चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मुलगी खोटी ठरते. तिला तर कुणी विचारलंच नव्हतं.

मग किती हात लावावा? या सगळ्या इतिहासातून मला जे उमगतं ते सांगते. ज्या फोटोवर कुणी साक्ष म्हणून विश्वास ठेवणार आहे, त्याला अजिबात हात लावू नका. पिकाच्या नुकसानीचा फोटो, अपघाताचा फोटो, घरात मारहाण झाली असेल तर अंगावरच्या वळांचा फोटो. ब्युटी बटण आधी बंद करा. मूळ फोटो मोबाइलमध्ये तसाच जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होतो आणि त्यातली तारीख-वेळेची नोंद गळून पडते, म्हणून पाठवलेल्या फोटोच्या भरवशावर मूळ फोटो पुसू नका.

आठवणीचा, मानाचा फोटो असेल, तर खुशाल रंगवा. आजीला हिरवा शालू नेसवा, कुंकू लाल करा. मात्र मागे एक ओळ लिहून ठेवा, मूळ फोटो कुठला, कोणत्या साली, कुणी रंगवला. नातवंडांना दोन्ही कळू द्या.

आणि फोटो दुसऱ्या कुणाचा असेल, मुलीचा, सुनेचा, मजुरीला आलेल्या बाईचा, तर हात लावण्याआधी तिला विचारा. स्टुडिओत आपला फोटो काढून घेताना आपणही सांगू शकतो, दादा, उजेड नीट करा, डोळे नीट दिसू द्या, पण रंग माझाच ठेवा. खरं तर चांगल्या फोटोग्राफरला यात आनंदच असतो. सावळ्या चेहऱ्यावर उजेड कसा घ्यावा, हे कौशल्याचं काम आहे. पांढरं करणं हे नुसतं बटणाचं काम आहे.

पणजीच्या काळी कुंकू काळं झालं, ते काचेला लाल दिसत नव्हतं म्हणून. आता कॅमेऱ्याला सगळे रंग दिसतात. ते बघायचे की नाही, हे आता आपल्यावर आहे.